जलदूत आपल्याच छतावरून वाहून जाते

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूर स्थानकात शिरली, तेव्हा तिच्या स्वागताला लोक हार-फुले घेऊन उभे होते. पाण्याच्या गाडीला हार घालावा लागावा, यात आनंद किती आणि विषाद किती, हे त्या गर्दीतल्या जाणत्यांना वेगळे सांगण्याची गरज नव्हती. कृष्णाकाठचे पाणी ३४२ किलोमीटरचा प्रवास करून मांजराकाठच्या शहरात आले होते. राजस्थानातील कोटा येथे धुऊन-पुसून पाठविलेल्या दहा वाघिणी आणि त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, एका खेपेस पंचवीस लाख लिटर येऊ लागले आणि पावसाळा स्थिरावेपर्यंत ‘जलदूत’ लातूरची तहान भागवीत राहिली. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश काढण्याची वेळ प्रशासनावर आली होती. शिकवणी वर्गांसाठी आलेली मुले वसतिगृहे सोडून गावी परतली होती. रुग्णालये टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती.

त्या पहिल्या गाडीतला पाच लाख लिटरचा आकडा ध्यानात ठेवावा. लातूरच्या सरासरी पावसाचे मान साडेसातशे ते आठशे मिलिमीटर आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येतो. एक हजार चौरस मीटरची गच्ची असलेली एखादी मध्यम आकाराची शासकीय इमारत घेतली आणि पहिल्या सरीचे धूळपाणी, बाष्पीभवन व गळती यांपोटी पाचवा हिस्सा सोडून दिला, तरी सरासरीच्या वर्षी सहा लाख लिटर पाणी त्या एका छतावरून खाली येते. म्हणजे ज्या गाडीला हार घालण्यात आले, तिच्याहून मोठी गाडी शहरातील प्रत्येक मोठ्या कार्यालयाच्या डोक्यावरून दरवर्षी गटारात जाते. जिल्हा परिषद, न्यायालय, रुग्णालय, महाविद्यालये, बसस्थानक, बाजार समितीची गोदामे, नाट्यगृह अशी सार्वजनिक छपरे एका जिल्ह्याच्या ठिकाणी किती असतील, याची मोजदाद एकदा तरी व्हावयास हवी.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. ज्या वर्षी पाऊसच पडत नाही, त्या वर्षी छत काय देणार? २०१५ च्या पावसाळ्यात लातूरवर सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला. मग वरचे सहा लाख लिटर तीन लाखांवर येतात, आणि तेही जून ते सप्टेंबरात. तहान लागते ती एप्रिलात. सहा लाख लिटर साठवायचे तर सहाशे घनमीटरचा हौद बांधावा लागेल, तो कोणत्या कार्यालयाच्या आवारात आणि कोणाच्या खर्चाने? छतावरील पाण्याचा प्रचार करणारे पुष्कळदा या प्रश्नाला बगल देतात. त्यामुळे पहिल्याच दुष्काळात लोकांचा त्यावरचा विश्वास उडतो.

या आक्षेपाची दोन उत्तरे आहेत. पहिले साधे आहे. पाणी सगळेच साठवून एप्रिलपर्यंत न्यावे, असा आग्रह कशासाठी? लाखभर लिटरचा हौद पावसाळ्यात पुन:पुन्हा भरतो आणि पुन:पुन्हा वापरून रिकामा करता येतो. त्या चार महिन्यांत कार्यालयाने नळाचे जे पाणी घेतले नाही, ते बीड जिल्ह्यातील धनेगावच्या मांजरा धरणात राहते. त्यातले काही उन्हाने उडून जाईल हे खरे. परंतु जे उरेल ते उन्हाळ्यात लातूरच्याच कामी येईल. हौदात न मावणारे पाणी जमिनीत सोडावे. पण तेही डोळसपणे. मराठवाड्याची जमीन म्हणजे काळ्या मातीच्या थराखाली मुरूम आणि त्याखाली कठीण काळा पाषाण. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात विटांचे तुकडे भरले आणि त्यावर ‘जलपुनर्भरण’ असा फलक लावला, तर पाणी मुरत नाही, केवळ डबके साचते. खड्डा मुरमाच्या थरापर्यंत नेला पाहिजे किंवा आटलेल्या विहिरीत गाळून पाणी सोडले पाहिजे. किती आवारांतील शोषखड्डे या कसोटीस उतरतील, हे ज्याचे त्याने पाहावे.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. पाऊस दगा देतो. सांडपाणी दगा देत नाही. माणसे कार्यालयात येतात, रुग्ण खाटेवर असतात, मुले वसतिगृहात राहतात, तोवर मोरीतून आणि न्हाणीतून पाणी वाहतच असते. भर दुष्काळातही इमारतीत जेवढे पाणी येते, त्याचा बहुतांश भाग मैला किंवा धुवणाच्या रूपाने बाहेर पडतो. राष्ट्रीय इमारत संहितेने कार्यालयात माणशी दिवसाला ४५ लिटर पाणी धरले आहे आणि त्यातील २० लिटर केवळ शौचालयाच्या फ्लशसाठी. पाचशे माणसांचा राबता असलेले कार्यालय रोज दहा हजार लिटर पिण्यायोग्य, धरणातून उपसलेले, शुद्ध केलेले, क्लोरीन घातलेले पाणी मैला वाहून नेण्यासाठी खर्च करते. शंभराहून अधिक खाटांच्या रुग्णालयासाठी हेच मान खाटेमागे ४५० लिटर आहे. पाचशे खाटांचे रुग्णालय म्हटले की दिवसाला सव्वा दोन लाख लिटर झाले. जलदूतची ती पहिली गाडी अशा एका रुग्णालयाला अडीच दिवसही पुरली नसती.

धुवणाचे पाणी वाया जाऊ देऊ नये, ही गोष्ट मराठवाड्यातील माणसाला कोणा तज्ज्ञाने येऊन शिकवावी, हेच मुळात चमत्कारिक आहे. जुन्या वाड्यांत न्हाणीचे पाणी परसातल्या केळीला आणि अळूला जात असे. तांदळाचे धुवण गाईच्या घमेल्यात पडे. भांडी राखेने घासून झाली की ते पाणी उकिरड्याकडे वळविले जाई. कोणी त्याला पुनर्वापर म्हणत नव्हते; ती घरातल्या बाईची शिस्त होती. कंधारच्या राष्ट्रकूटकालीन नगरीला ‘जगत्तुंग समुद्र’ नावाचा तलाव होता. नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून तिच्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल उभारला गेला. राज्यकर्ते कोणत्याही पंथाचे असोत, या भूमीवर मोठी वास्तू बांधणाऱ्याने आधी पाण्याचा विचार केला. तो न करता चार-चार मजले चढविण्याचे धाडस गेल्या काही दशकांतलेच.

नांदेडची गोष्ट थोडी निराळी आहे. लातूर बालाघाटाच्या पठारावर वसलेले. त्याला पाणी दुरून आणावे लागते. नांदेडला गोदावरी अंगणात आहे आणि विष्णुपुरीचा जलाशय हाकेच्या अंतरावर. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही जिल्ह्यातील दोन मोठी संकुले त्याच विष्णुपुरी परिसरात आहेत. जवळ पाणी असले की काटकसर सुचत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. २००८ मध्ये गुरुतागद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्या निमित्ताने, आणि जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या निधीतून, नांदेडचा चेहरामोहरा बदलला. त्या अभियानाच्या सुधारणांच्या यादीत इमारतींवर पावसाच्या पाण्याचे संकलन बंधनकारक करावे आणि प्रक्रिया केलेले सांडपाणी पुन्हा वापरण्यासाठी उपविधी करावेत, असे स्पष्ट म्हटले होते. रस्ते झाले, पूल झाले, दिवे लागले. उपविधींचा विषय फायलीत असतो, त्याची फीत कापता येत नाही.

याच नांदेडात सचखंड श्री हजूर साहिब येथे रोज एक सेवेकरी, गागरिया सिंघ, गोदावरीचे पाणी गागरीत भरून तख्ताच्या स्नानासाठी घेऊन येतो. दोन-तीन शतकांची ही परंपरा आहे. हिंदू समाजही पर्वकाळी त्याच पात्रात उभा राहून अर्घ्य देतो. आणि त्याच पात्रात शहरातील नाल्यांचे सांडपाणी मिसळते, ही नांदेडकरांची कित्येक वर्षांची तक्रार आहे. नदीकाठी आरती करणाऱ्या समाजाने हा विरोधाभास किती काळ सोसावा? नदी स्वच्छ करण्याच्या मोठमोठ्या योजना आखल्या जातात, जाव्यात. परंतु रुग्णालय, वसतिगृह किंवा कार्यालय यांचे सांडपाणी त्यांच्याच आवारात शुद्ध होऊन तेथेच खपले, तर तेवढा मैला नाल्यात पडणारच नाही. जो ओघ उगमाशी अडविता येतो, तो मुखाशी अडविण्यात शहाणपण नाही.

हे साधते का, असे विचारणाऱ्यांनी फार दूर जाण्याचे कारण नाही. नांदेडचा रेल्वे विभाग ज्या दक्षिण मध्य रेल्वेत मोडतो, तिचे मुख्यालय सिकंदराबादेत आहे. त्या गाडीने रात्रीत हैदराबाद गाठता येते. तेथे भारतीय उद्योग महासंघाचे सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्र आहे. राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते जुलै २००४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्या वास्तूचे सांडपाणी आवाराबाहेर पडत नाही. ते वनस्पतींच्या वाफ्यातून सोडले जाते, मुळांवरचे जिवाणू घाण खातात आणि निवळलेले पाणी बागेला मिळते. मोटार लागते ती थोडी, रसायन जवळपास नाहीच. कर्दळ आणि पाणकणीस मराठवाड्यात कोणत्याही ओढ्याकाठी उगवतात. ज्या आवारात जागा आहे, आणि आपल्या शासकीय आवारांत गाजरगवताने व्यापलेली जागा मुबलक आहे, तेथे असे वाफे करण्यास परदेशी यंत्रसामग्रीची गरज नाही.

मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण तर आपल्याच राज्यात आहे. २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले, हे बीड-लातूरच्या वाचकांना ठाऊकच आहे. तिकडे नागपूर शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची योजना झाली; दिवसाला १३० दशलक्ष लिटर, म्हणजे तेरा कोटी लिटर. शहराच्या मैल्यावर वीज केंद्राची झोत्रे फिरू शकतात, तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फ्लशच्या टाक्या भरू शकत नाहीत काय?

जगात इस्रायल आपल्या शहरी सांडपाण्याचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग शेतीला देतो. नामिबियाची राजधानी विंडहुक १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी पिण्यासाठीही वापरते. आपल्याला तेवढ्या टोकास जाण्याचे प्रयोजन नाही. देवघरात, स्वयंपाकघरात, पिण्याच्या माठात ते पाणी न्यावे असे कोणी म्हणत नाही. शौचालय, बाग, फरशी आणि वाहने, एवढ्यापुरतेच ते आहे. शुचितेची जी भावना आपल्या समाजमनात खोल रुजली आहे, तिचा येथे भंग होत नाही. उलट पिण्याच्या पाण्याने मैला वाहून नेणे, हेच त्या भावनेशी विसंगत आहे.

रुग्णालयांच्या बाबतीत मात्र विवेक सोडून चालणार नाही. शस्त्रक्रियागृह, प्रयोगशाळा आणि संसर्गजन्य विभाग यांतून निघणारे द्रव २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार आधी वेगळे हाताळलेच पाहिजेत. ते सरसकट बागेत सोडणे घातक ठरेल. पण रुग्णालयात स्वच्छ पाणीही भरपूर वाया जाते, तिकडे कोणाचे लक्ष नसते. डायलिसिसच्या एका चार तासांच्या बैठकीला सुमारे १२० लिटर अतिशुद्ध द्रव लागतो. तो तयार करताना यंत्र जवळपास तितकेच किंवा त्याहून अधिक पाणी बाजूला टाकते. या टाकाऊ पाण्याचा रुग्णाशी स्पर्शही झालेला नसतो. त्यात फक्त क्षार वाढलेले असतात. ते एका नळीने शौचालयाच्या टाकीत नेले की काम झाले. कार्यालयांतून भिंतीवर लावलेली पाणी शुद्ध करणारी यंत्रेही एक पेला पाणी देताना दोन-तीन पेले मोरीत सोडतात. पाणीटंचाईच्या आढावा बैठकीत पाहुण्यांपुढे ठेवल्या जाणाऱ्या पेल्यामागचा हा हिशेबही इतिवृत्तात यावा.

मग अडते कुठे? नियम नाहीत, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. तमिळनाडूने २००३ मध्येच सर्व इमारतींना पावसाचे पाणी साठविणे बंधनकारक केले. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने पावसाच्या पाण्याचे संकलन आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांचे बंधन मोठ्या इमारतींवर घातले आहे. त्यातून शासकीय इमारती वगळलेल्या नाहीत. दुखणे अंमलबजावणीचे आहे, आणि तेही बांधणीपेक्षा बांधून झाल्यानंतरचे. प्रकल्प मंजूर होतो, टाक्या बसतात, पंप येतो, छायाचित्र निघते. त्यानंतर इमारत वापरणाऱ्या खात्याकडे सुपूर्द होते. त्या खात्याच्या आकृतिबंधात सांडपाण्याचा संच चालविणाऱ्याचे पद नसते. सार्वजनिक बांधकाम विभागात स्थापत्य शाखा वेगळी, विद्युत शाखा वेगळी. पाईप फुटला तर एकीकडे जावे, पंप जळाला तर दुसरीकडे. संचातील जिवाणूंना मात्र शासकीय सुट्या ठाऊक नसतात. दिवाळीत आठवडाभर हवा बंद पडली की ते मरतात, दुर्गंधी सुटते. मग कोणीतरी वैतागून संच बंद करून गटाराची झडप उघडतो, आणि ती कायमची उघडी राहते. पुढे कोणी विचारले तर संच ‘अस्तित्वात’ असतो, आणि तसे लिहिण्यात खोटे काहीच नसते.

म्हणून कंत्राट केवळ उभारणीचे न देता किमान पाच वर्षे चालविण्याचे द्यावे आणि देयकाचा मोठा हिस्सा त्या चालविण्याशी बांधावा. नव्या इमारतीत पिण्याच्या आणि शौचालयाच्या पाण्याचे नळ पहिल्या दिवसापासून वेगळे असावेत. नंतर भिंती फोडून हे करणे दसपट जिकिरीचे होते. जुन्या इमारतींत सगळे एकदम जमणार नाही. तेथे तळमजल्यावरील शौचालये आणि बाग यांपासून आरंभ करावा, दहा-बारा लिटर ओतणाऱ्या जुन्या फ्लशच्या टाक्या बदलून तीन आणि सहा लिटरच्या दुहेरी टाक्या बसवाव्यात. आणि प्रवेशद्वाराशी, जेथे अधिकाऱ्यांच्या नावांची पाटी असते, तेथेच एक पाटी पाण्याची असावी: गेल्या महिन्यात नळाचे किती घेतले, टँकरचे किती, छताचे किती, पुन्हा वापरलेले किती. त्यासाठी चार मीटर पुरेसे आहेत. ज्या सामान्य माणसाला दाखल्यासाठी त्या दारातून दहा वेळा जावे लागते, तो ही पाटी वाचल्याशिवाय राहणार नाही.

लातूरच्या समाजाने आपला वाटा उचलून दाखविला आहे, याची नोंद येथे करणे भाग आहे. त्या २०१६ च्याच उन्हाळ्यात ‘जलयुक्त लातूर’ चळवळीतून, डॉ. अशोक कुकडे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या पुढाकाराने, लोकवर्गणी जमवून मांजरेचे पात्र सुमारे १८ किलोमीटर खोल आणि रुंद करण्याचे काम झाले. पगारदारांनी, व्यापाऱ्यांनी, गृहिणींनी पैसे दिले. त्यानंतरचा पावसाळा भरभरून आला आणि पात्र पाण्याने भरले. ज्यांनी खिशातून पैसे घालून नदी खोदली, त्यांना आपल्याच कराच्या पैशातून बांधलेल्या इमारतीचा जललेखा मागण्याचा अधिकार आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. अशा अर्जांचा रोख बहुधा बदल्या आणि निविदा यांकडे असतो. एखाद्याने कार्यालयाचे वर्षभराचे टँकर आणि बंद पडलेल्या पंपाची तारीख विचारावी.

एक छोटी गोष्ट तर अंदाजपत्रकाशिवाय होण्यासारखी आहे. मृग निघण्याआधी शेतकरी बांध पाहतो, घरधनी कौले चाळतो. तसे सार्वजनिक इमारतींच्या गच्च्या झाडून, पन्हळींतला पिंपळाचा आणि वडाचा पाला काढून, मोडकी खुर्च्या-टेबले खाली उतरवून ठेवण्यास मे महिन्याचा शेवटचा आठवडा पुरेसा असतो. नांदेड आणि लातूर येथील महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची पथके आहेत. प्राचार्यांनी मनात आणले तर दोन सकाळी त्यासाठी फार नाहीत. गच्चीच्या दाराची किल्ली कोणाकडे असते, हे मात्र आधी शोधून ठेवावे लागेल.